हशाची नोंदवही: स्टीव्ह मार्टिन

आत्मचरित्र हे संशोधनात साधन म्हणून कसं वापरायचं, असं बरेच जण विचारतात. त्यासाठी स्टीव्ह मार्टिन या अमेरिकन स्टँडअप कॉमेडियनचं उदाहरण घेऊ.

जन्म 1945 चा. 1955 साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हा दहा वर्षांचा स्टीव्ह तिथे माहितीपुस्तिका विकू लागला. पुढे तिथल्याच जादूच्या दुकानात लागला. गावातल्या कार्यक्रमांत जादू करून दाखवली की प्रत्येक विनोदापुढे समासात शेरा लिहायचा: जोरात हशा, किंवा शांतता. तुमची लॅबची वही आणि ही वही यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

कॉलेजात त्याच्या वाचनात आलं की हसू म्हणजे साचलेला ताण मोकळा होणं. नेहमीचा विनोद तो ताण शेवटच्या वाक्यात सोडतो. मार्टिनचा प्रश्न असा: ते वाक्य दिलंच नाही तर? ताण वाढवत न्यायचा, कुठे हसायचं ते लोकच ठरवतील. हे चक्क गृहीतक झालं. ते तपासायला तो वर्षानुवर्षं छोट्या क्लबांतून फिरला. (मधल्या काळात टीव्हीसाठी लेखन, त्याबद्दल 1969 चा एमी पुरस्कारही.)

1977-78 मध्ये त्याच्या रेकॉर्ड तुफान खपल्या आणि क्लबच्या जागी प्रचंड स्टेडियमं आली. मागच्या रांगांना दिसावं म्हणून तो पांढरा सूट घालायचा. पण आता लोक विनोद व्हायच्या आधीच हसत होते. आपल्या भाषेत, डिटेक्टर सॅच्युरेट झाला: इनपुट काहीही द्या, रीडिंग तेच. 1981 मध्ये त्याने स्टँडअप सोडलं. थकवा, एकटेपणा होताच. पण मला वाटतं, वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं हे कारण जास्त खरं.

मग तो लेखक झाला. 1993 मध्ये आइनस्टाइन आणि पिकासो यांची पॅरिसच्या कॅफेत भेट घडवणारं नाटक, 2000 मध्ये 'शॉपगर्ल' ही लघुकादंबरी, आणि 2007 मध्ये 'बॉर्न स्टँडिंग अप' हे आत्मकथन.

आता मुद्द्यावर. स्टँडअप सोडलं 1981 ला, पुस्तक आलं 26 वर्षांनी. तो स्वतःच त्याला आत्मचरित्रापेक्षा चरित्र म्हणतो, कारण तो माणूस आता फक्त ओळखीचा उरलाय. म्हणजे समासातले शेरे त्या-त्या वेळचे, पण ताणाचं ते नेटकं गृहीतक आपल्याला सांगतोय तो साठीतला लेखक. दोन्ही एकाच पुस्तकात असले तरी तुमच्या टिपणांत वेगळे ठेवा.

ताडून बघायला साधनही आहे. 'अ वाइल्ड अँड क्रेझी गाय' ही 1978 ची रेकॉर्ड. तिचा सुरुवातीचा भाग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छोट्या क्लबमधला, नंतरचा कोलोरॅडोतल्या रेड रॉक्स या विशाल खुल्या प्रेक्षागृहातला. माणूस तोच. हशा नेमका कुठल्या शब्दावर येतो, ते दोन्हीकडे घड्याळ लावून टिपा, आणि मगच पुस्तक उघडा.