पंधरा ऑगस्ट, पंचेचाळीस डिग्री

तिरंग्यावरचा एपिसोड ऐकून रियाधच्या एका श्रोतीने विचारलं: "या वर्षी आमच्या फ्लॅटवर पंधरा-वीस जण जमणार. हॉल सजवायचाय. छान दिसायला हवा, बटबटीत नको. आणि झेंड्याचं काही चुकायला नको. काय करू?" एपिसोडमध्ये याला दोन मिनिटंही देता आली नव्हती, म्हणून हे लिहितोय. तुम्ही दम्मामला असा, जेद्दाहला असा किंवा पार डॅलसला, बरंचसं तुम्हालाही लागू होईल.

आधी ऋतूचं बोलू. महाराष्ट्रातला पंधरा ऑगस्ट ओला असतो. श्रावण, चिखलाने माखलेले पांढरे बूट, ग्राउंडवर साचलेलं पाणी, घरी येताना कागदात बांधलेली जिलेबी. सौदीत तोच दिवस भर उन्हाळ्यात येतो. रियाधला दुपारी पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. शाळांना सुट्टी, अर्धी बिल्डिंग गावाला गेलेली. सुट्टीचा दिवस तर नाहीच, सकाळी दूतावासात झेंडावंदन होतं, राजदूत राष्ट्रपतींचं भाषण वाचून दाखवतात आणि लोक तिथूनच ऑफिसला पळतात. घरचा कार्यक्रम मग जवळच्या शुक्रवारी, संध्याकाळी, एसीत. म्हणजे आपण ज्या सजावटीबद्दल बोलतोय ती सगळी घराच्या आतली आहे. भारतात ध्वजाचा विचार बहुतेक वेळा मैदान, गच्ची, सरकारी कचेरी यांच्या संदर्भात होतो. हॉलच्या भिंतीचा विचार फारसा कुणी करत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. भारताची ध्वजसंहिता स्पष्ट सांगते की राष्ट्रध्वज तोरण, पताका, गुच्छ म्हणून किंवा इतर कुठल्याही प्रकारे सजावटीसाठी वापरायचा नाही. म्हणजे दुकानात मिळणारी छोट्या छोट्या झेंड्यांची माळ, जी आपण सगळ्यांनी शाळेत दोरीला खळ लावून स्वतः केली आहे, ती नियमाच्या भाषेत चूकच. १९७१ चा राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा आणि त्यातली २००५ ची दुरुस्ती आणखी पुढे जाते: उशा, रुमाल, नॅपकिन, अंतर्वस्त्रं यांवर ध्वज छापायचा किंवा भरतकामात काढायचा नाही, आणि कमरेच्या खालच्या कपड्यात तर नाहीच. त्यामुळे ऑनलाइन मिळणारे तिरंगी कुशन कव्हर्स, अशोकचक्रासकट, कार्टमधून काढून टाका. केशरी, पांढरी, हिरवी अशी तीन साधी कुशन्स मात्र सोफ्यावर खुशाल ठेवा. रंग कुणाच्या मालकीचे नाहीत. तीन पट्टे आणि मधे चक्र एकत्र आले की तो ध्वज होतो, आणि मग त्याला नियम लागतात.

केकचं काय, असं विचारणार असाल तर त्यावर चक्क कोर्टाचा निकाल आहे. २०१३ च्या नाताळात कोइम्बतूरला सहा फूट बाय पाच फुटांचा तिरंगी केक कापला गेला, वर अशोकचक्रही होतं. तक्रार झाली, प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं आणि २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की हा अपमान नाही. अपमान करायचा हेतू कुठे दिसत नाही. निकाल मला पटतो. तरी चक्रावरून सुरी फिरवताना माझा हात अडखळेल. तीन रंगांची बर्फी केलेली बरी.

हे सगळं वाचून "आपण फारच काटेकोर आहोत" असं वाटेल. पण हा काटेकोरपणा कुठून आला ते बघा. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला. त्यानंतर जवळजवळ पंचावन्न वर्षं सामान्य माणसाला तो आपल्या घरावर वर्षभर लावायची मुभाच नव्हती. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी असे काही ठरलेले दिवस सोडले तर झेंडा सरकारचा. नवीन जिंदाल नावाच्या उद्योजकाला आपल्या कारखान्यावर तो लावण्यापासून अडवलं गेलं, म्हणून ते कोर्टात गेले. १९९५ मध्ये दिल्ली हायकोर्टात जिंकले, २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वज सन्मानाने फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क ठरवला. म्हणून आजी-आजोबांच्या घरातल्या जुन्या फोटोंमध्ये तुम्हाला गांधी-नेहरू, सुभाषबाबू, टिळक भिंतीवर दिसतील, झेंडा क्वचितच. घरातला झेंडा ही तुमच्या पिढीची गोष्ट आहे, साधारण तुमच्याच वयाची.

आणि त्याच्याही आधी? तुमच्यापैकी कुणी नांदेड, परभणी, बीड, संभाजीनगरकडचं असेल तर घरी विचारा. १५ ऑगस्ट १९४७ ला मराठवाडा भारतात नव्हता, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या दिवशी स्वामी रामानंद तीर्थ यांनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. पुणे-मुंबईत घरोघरी रोषणाई चालू असताना मराठवाड्यातल्या घरात तोच झेंडा धान्याच्या कणगीत लपवण्याची वस्तू होती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे.

इथे एक गोष्ट गाळून पुढे गेलो तर मी अभ्यासक म्हणून खोटा ठरेन. त्या आठवड्यांत आणि नंतर संस्थानातल्या मुसलमानांवर भयंकर हल्ले झाले. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा, अगदी हात राखून, २७ ते ४० हजार धरला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कितीतरी दशकं बंदच राहिला. त्याआधी रझाकारांनी गावंच्या गावं लुटली होती, तेही खरंच. तुमच्या रियाधच्या हॉलमध्ये नांदेडचे देशपांडे आणि नांदेडचे शेख एकाच सोफ्यावर बसणार असतील, आणि सौदीत ते बसतातच, तर त्यांच्या आजोबांच्या सप्टेंबर १९४८ च्या आठवणी सारख्या नसतील. दोघंही पंधरा ऑगस्टला मात्र येतात, मुलांना पांढरे कपडे घालून. सजावट करताना मला हे डोक्यात ठेवावंसं वाटतं. भिंतीवर कुठलं चित्र, कुणाचा फोटो, मुलांच्या कार्यक्रमात कुठली गोष्ट, हे निवडताना त्या सोफ्याकडे एकदा बघा.

नांदेडचं नाव निघालंच आहे तर: तिथल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात, कापड उदगीरहून येतं. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरचे, यंत्रावर बनलेले झेंडेही चालू लागले आणि पुढच्या वर्षीच्या 'हर घर तिरंगा'साठी ते अफाट प्रमाणात छापले गेले. खादीवाल्यांना हे लागलं, आणि ते समजण्यासारखं आहे. सुट्टीत गावी गेलात तर एक खादीचा झेंडा घेऊन या. बॅगेत वजन नाही. खादीचा पडच वेगळा असतो, पॉलिएस्टर एसीच्या झोतात सुळसुळत राहतं. प्लास्टिकचे झेंडे तर नकोतच. जुलै २०२२ पासून भारतात एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, त्यांत तेही आहेत.

आता यजमान देशाकडे बघू, कारण हा काटेकोरपणा सौदी शेजाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या हिरव्या झेंड्यावर कलिमा लिहिलेला आहे. त्यामुळे तो कधीही अर्ध्यावर उतरवत नाहीत, राजाच्या मृत्यूतही नाही. कलिमा दोन्ही बाजूंनी नीट वाचता यावा म्हणून दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवतात. उभा टांगायचा असेल तर मजकूर फिरवून वेगळा झेंडाच करतात. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात ब्रिटनमध्ये एका हॅम्बर्गर कंपनीने सहभागी देशांचे झेंडे कागदी पिशव्यांवर छापले, त्यात हाही होता. पिशवी शेवटी कचऱ्यात जाणार, त्यावर कलिमा! गदारोळ झाला, पिशव्या मागे घ्याव्या लागल्या. २००७ मध्ये अमेरिकी सैन्याने अफगाणिस्तानातल्या खोस्त भागात मुलांसाठी हेलिकॉप्टरमधून फुटबॉल टाकले, त्यांवरही हा झेंडा होता. पायाने मारायच्या वस्तूवर. तिथे निदर्शनं झाली. आपला नॅपकिनचा नियम आणि ही पिशवी, दोन्हीकडे प्रश्न एकच: वापरून फेकायच्या वस्तूवर हे छापायचं का?

तर हॉल. एक झेंडा, एकच. सगळ्यात स्वच्छ भिंत त्याला द्या, टीव्हीच्या वरची नव्हे. लांबी-रुंदी ३:२ हवी. बाजारात बरेच चौकोनी ठोकळे मिळतात ते घेऊ नका. आडवा लावलात तर केशरी वर. उभा लावलात तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, यात निम्मी घरं चुकतात. त्याच्या वर काही नको, माळही नको. शेजारी सौदीचा झेंडा ठेवायचा असेल तर दोन्ही सारख्या आकाराचे, सारख्या उंचीवर, वेगवेगळ्या काठ्यांवर. टेबलाला झेंडा नेसवू नका.

बाकी सगळा हॉल फुलांचा करा. झेंडू मिळाला तर उत्तम, नाहीतर क्रेप कागदाचा. तोही नीट चुरगाळला तर दुरून खपतो. पांढऱ्यासाठी मोगरा: सौदीत त्याला 'फुल' म्हणतात, जाझानकडे तो मुबलक पिकतो आणि तिथले लोक त्याचे गजरे करतात, अगदी आपल्यासारखे. हिरव्यासाठी पुदिन्याच्या जुड्या काचेच्या ग्लासात. चहाच्या वेळी त्याच वापरता येतात. मुलांना कागदाच्या झिरमिळ्या करायला लावा, एकेका रंगाच्या, चक्राशिवाय. दारात रांगोळी काढायची तर ठिपक्यांची काढा. झेंड्याची नको, त्यावर कुणाचा तरी पाय पडणारच. दिव्यांची माळ पिवळसर प्रकाशाची घ्या. हिरव्या-केशरी लुकलुकत्या माळांनी हॉल लग्नाच्या कार्यालयासारखा दिसतो.

मुलांच्या हातातले कागदी झेंडे शेवटी मोजून परत घ्या. वीस दिले तर वीस. सोफ्याखाली दोन सापडतील.

रात्री भांडी घासून झाली की झेंडा उतरवा आणि घडी घाला: केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे, मग दोन्ही बाजू आत, म्हणजे वर फक्त चक्र राहतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात. सहाएक आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, सौदीचा राष्ट्रीय दिन येईल. १९३२ ची तारीख, पण सार्वजनिक सुट्टी २००५ पासूनची. खालच्या मजल्यावरची मुलं हिरवे-पांढरे फुगे घेऊन जिन्यात येतील. उरलेली पांढरी आणि हिरवी झिरमिळी तोपर्यंत टाकू नका, त्यांना द्या.