उघडं होतं म्हणून

गेल्या महिन्यात भाचा आला होता. आल्याआल्या खिशातून मोबाईल काढला आणि हसत सुटला. "मावशी, तुझ्या वायफायचं नाव बघितलंस का? आडनाव आणि पुढे फ्लॅटचा नंबर! जिन्यात उभं राहिलं तरी कळतं." कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने ते नाव दिलं होतं, मी काही विचारलं नव्हतं. "दारावर पाटी असते तशीच ही," मी म्हटलं. "दारावरची पाटी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला वाचता येत नाही. ही येते," तो म्हणाला आणि त्याने गुगलच्या गाड्यांची गोष्ट काढली. मी ती पूर्वी अर्धवट ऐकली होती. आता आठवडाभर बसून जमेल तेवढं वाचलं. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, सनावळी जुळल्याशिवाय चैन पडत नाही.

तर मंडळी, गोष्ट अशी. २००७ साली गुगलने अमेरिकेत 'स्ट्रीट व्ह्यू' सुरू केलं. टपावर कॅमेरे लावलेल्या गाड्या गल्लीबोळांतून फिरत आणि दोन्ही बाजूंच्या घरांचे फोटो घेत. कॅमेरे सगळ्यांना दिसत होते. त्या गाड्यांवर एक अँटेनाही होता, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आपल्या घरातली वायफायची डबी सारखी हाक मारत असते : माझं नाव हे, माझा क्रमांक हा. ती हाक भिंत ओलांडून रस्त्यावर जाते. कुठली डबी कुठल्या रस्त्यावर आहे याची यादी असली की, उपग्रहाची मदत न घेताही मोबाईल कुठे आहे ते सांगता येतं. बॉस्टनची स्कायहुक नावाची कंपनी हे आधीपासून करत होती. इथवर मलाही फार काही वावगं वाटलं नाही. पाट्या वाचल्या, एवढंच.

प्रश्न विचारला तो जर्मनांनी, एप्रिल २०१० मध्ये. त्यामागे त्यांचा इतिहास आहे. हिटलरच्या काळातल्या याद्या आणि नंतर पूर्व जर्मनीतल्या श्टाझीच्या फायली, दोन्ही पाहिलेला हा समाज. १९८३ साली तिथे जनगणनेच्या प्रश्नावलीवरून रान उठलं. तेव्हा त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला, की आपली माहिती कुणी किती वापरावी हे ठरवण्याचा हक्क मुळात माणसाचा स्वतःचा. इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

२७ एप्रिलला गुगलने खुलासा केला : आम्ही फक्त नावं आणि क्रमांक घेतो, आतला मजकूर घेत नाही. हॅम्बुर्गच्या माहिती-संरक्षण कार्यालयाचे प्रमुख योहानेस कास्पार यांचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. गोळा केलेली माहिती आम्हालाच तपासू द्या, अशी त्यांच्या कार्यालयाने मागणी केली. मग कंपनीने स्वतः आत डोकावून पाहिलं आणि १४ मे रोजी कबूल केलं, की मजकूरही येत होता. ज्यांच्या वायफायला कुलूप नव्हतं, त्या घरांतून गाडी जाता जाता जे हवेत होतं ते साठवलं गेलं होतं. तीसहून अधिक देश, सुमारे ६०० गिगाबाइट. तीन वर्षं!

कंपनीचं म्हणणं, हे चुकून झालं आणि तुकडेच आले, कारण गाडी चालती असते आणि यंत्र सेकंदाला साधारण पाच वेळा वाहिनी बदलतं. पण ऑक्टोबरमध्ये त्यांनीच सांगितलं, की काही ठिकाणी अख्खी ईमेलं आणि पासवर्ड आहेत. कॅनडाच्या तपासणीत एक यादी निघाली : काही विशिष्ट आजार असलेल्या माणसांची नावं, फोन नंबर आणि पत्ते. फ्रान्समध्ये एका विवाहित बाईचा आणि एका पुरुषाचा खाजगी पत्रव्यवहार सापडला. हे वाचताना मी चष्मा काढून ठेवला. त्याचं कारण पुढे सांगते.

'चुकून' या शब्दाचं काय झालं तेही बघा. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचा (एफसीसी) अहवाल एप्रिल २०१२ मध्ये आला. तो कार्यक्रम लिहिणाऱ्या इंजिनिअरने २००६ मध्येच टिपण करून आपल्या गटाला दिलं होतं. त्यात मजकूर साठवला जाईल हे होतं आणि खाजगीपणाबद्दल कंपनीच्या वकिलाशी बोलायचं आहे अशी नोंदही होती. वकिलाशी कुणी बोललं नाही. आम्ही ते टिपण वाचलंच नाही, असं वरचे म्हणाले. शाळेत परिपत्रकांवर न वाचता सह्या करणारे आम्ही, आम्हाला हे काही नवीन नाही! आयोगाने दंड केला पंचवीस हजार डॉलर, तोही चौकशीत अडथळा आणल्याबद्दल. ऐकण्याबद्दल काहीच नाही, कारण कुलूप नसलेल्या वायफायचं ऐकणं हा गुन्हा आहे का, हे कायद्यात स्पष्ट नव्हतं.

न्यायालयात कंपनीचा युक्तिवाद हाच होता. रेडिओसारखं आहे, उघड्यावर आहे, कुणीही ऐकावं. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. पुढे तडजोडीत एक कोटी तीस लाख डॉलर ठरले. ते मुख्यतः खाजगीपणासाठी काम करणाऱ्या संस्थांना. ज्यांचं ऐकलं गेलं त्या सर्वसामान्यांच्या हाती काही नाही.

आता माझं कारण. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी नववीच्या वह्या तपासताना एका मुलीच्या वहीतून चिठ्ठी पडली. पाकीट नव्हतं, नुसती घडी. मी ती उघडली, वाचली आणि वर्गशिक्षिकेचं कर्तव्य म्हणून तिच्या वडिलांना बोलावलं. चिठ्ठीत फार काही नव्हतं. पण पुढच्या जूनमध्ये ती मुलगी शाळेत आली नाही, दिवाळीनंतर लग्नाची पत्रिका आली. त्या वेळी मी स्वतःला समजावलं ते हेच, की चिठ्ठी उघडीच होती, माझ्यासमोर पडली होती. खरं तर आम्ही चाळीत वाढलो. दिवसभर दारं सताड उघडी, पण म्हणून कुणी कुणाच्या स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहत नसे. पोस्टकार्डं वाचली जात, पण वाचल्याचं दाखवायचं नाही एवढी लाज होती. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी ती घडी मोडली. कंपनीच्या वकिलांवर मी कुठल्या तोंडाने रागावणार?

असो. आपल्याकडे या गाड्या २०११ मध्ये बंगळुरूत आल्या, पोलिसांनी हरकत घेतली आणि काम थांबलं. २०२२ च्या जुलैमध्ये दहा शहरांत स्ट्रीट व्ह्यू सुरू झालं. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आहेत आणि चित्रीकरण जेनेसिस आणि टेक महिंद्रा या आपल्याच कंपन्यांनी केलं. भाचा म्हणतो, वायफायची यादी करायला आता गाडी लागतच नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खिशातले फोनच आजूबाजूच्या डब्या टिपून कळवतात. म्हणजे तो जिन्यात उभा होता तेव्हा त्याच्या फोननेही माझी पाटी कळवली असणार. हे त्याला म्हटल्यावर तो जरा गप्प झाला.

जाण्यापूर्वी त्याने नाव बदलून दिलं. आडनाव गेलं, फ्लॅटचा नंबर गेला. शेवटी एक आडवी रेघ आणि त्यापुढे 'नोमॅप' ही इंग्रजी अक्षरं आली. हे शेपूट असलं की गुगल ती डबी यादीत घेत नाही म्हणे. ही सोय त्यांनी २०११ च्या नोव्हेंबरात काढली. म्हणजे नको असेल तर पाटीवर तसं आपणच लिहायचं! पासवर्डही बदलला. चांगला लांबलचक आहे, माझ्या लक्षात राहणं शक्य नाही, म्हणून डायरीत लिहून ठेवला आहे. डायरी टीव्हीखालच्या खणात असते. येणारे सगळे भाचे-पुतणे विचारत नाहीत, सरळ उघडून बघतात.