अंडरकाउंटर फ्रिजमधील अतिथंडपणा

अंडरकाउंटर फ्रिजमधील अतिथंडपणा : हॉटेल, बेकरी, बार यांच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली बसणारा व्यावसायिक फ्रिज ठरवलेल्या तापमानाच्या खाली जाऊन आतला माल गोठवू लागतो, तो दोष. बाजारात या फ्रिजला ‘अंडरकाउंटर चिलर’ म्हणतात. उंची साधारण ८५ ते ९० सेंमी. असते आणि वरचा स्टीलचा पत्रा कामाचे टेबल म्हणून वापरला जातो. आत २° ते ५° से. तापमान अपेक्षित असते. वरची मर्यादा नियमाने ठरलेली आहे : भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण थंड पदार्थ ५° से. किंवा त्याखाली ठेवायला सांगते. खालची मर्यादा माल ठरवतो. दूध आणि अंडी उणे ०·५° से.च्या आसपास गोठतात, लेट्यूसची पाने त्याहीआधी. दोन्ही मर्यादांमध्ये जेमतेम पाच अंशांची जागा उरते.

गोठलेल्या मालाने सहसा कुणी आजारी पडत नाही, म्हणून या तक्रारीकडे दुर्लक्ष होते. ते योग्य नाही. गोठून वितळलेल्या दह्याला पाणी सुटते, मेयोनेज फाटते, पनीर भुसभुशीत होते, कोथिंबीर काळी पडून लिबलिबीत होते, अंड्यांची कवचे तडकतात. बारमधल्या फ्रिजमध्ये बिअरच्या बाटल्या फुटतात. दवाखान्यातल्या ओट्याखालच्या फ्रिजमध्ये तर हा दोष फारच गंभीर ठरतो. हिपॅटायटिस बी, त्रिगुणी (डीपीटी) आणि धनुर्वाताच्या लसी २° ते ८° से.मध्ये ठेवायच्या असतात. त्या एकदा गोठल्या की त्यांची परिणामकारकता जाते, आणि कुपी पुन्हा वितळल्यावर वरवर पाहून ते कळेलच असे नाही.

अतिथंडपणा जवळजवळ नेहमी नियंत्रणाचा दोष असतो. कॉम्प्रेसर, कॉइल, गॅस ही मंडळी आपले काम चोख करत असतात. त्यांना थांबवणारा भाग चुकलेला असतो. त्यामुळे मेकॅनिकने आल्या आल्या ‘गॅस चेक करू’ म्हटले तर मालकाने त्याला थांबवावे. गॅस कमी झाला की फ्रिज गरम पडतो. फार तर कॉइलच्या एका टोकाला बर्फ साचतो आणि त्याला चिकटलेला माल गोठतो. संपूर्ण कपाट गार होण्यामागे गॅस नसतो, आणि बंद प्रणालीला विनाकारण भोक पाडल्याने नवाच दोष जन्माला येतो.

निदानाची सुरुवात खऱ्या तापमानापासून करावी. दर्शनी पट्टीवरचा आकडा हा सेन्सर जिथे आहे तिथल्या हवेचा असतो, मालाचा नव्हे. मधल्या फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवून त्यात वेगळा थर्मामीटर बुडवावा, दार शक्य तितके बंद ठेवावे आणि काही तासांनी वाचन घ्यावे. पेल्यात ३° आणि तक्रार फक्त मागच्या भिंतीजवळच्या पालेभाजीची, असे निघाले तर यंत्र ठीक आहे, मांडणी चुकली आहे. पंख्यातून बाहेर पडणारी हवा परतीच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार असते. तिच्या तोंडाशी ठेवलेली कोथिंबिरीची जुडी गोठणारच. तिथे बंद डबे ठेवावेत, पाने दाराकडे आणावीत. एकाच कपाटात मागे बर्फ आणि दाराशी कोमट अशी तक्रार असेल तर आतला पंखा बंद पडला आहे किंवा कॉइल बर्फाने भरली आहे. अशा वेळी सेन्सरपर्यंत गारवा पोचत नाही आणि कॉम्प्रेसर चालतच राहतो. दाराचे रबरी गॅस्केट फाटलेले असणे हे बर्फ साचण्याचे नेहमीचे कारण. बर्फ सुरीने खरवडू नये, कॉइल फुटते. फ्रिज बंद करून दार उघडे ठेवावे.

पेल्यातले पाणीही शून्याकडे झुकत असेल तर पुढचा प्रश्न एकच : कॉम्प्रेसर थांबतो का?

थांबत असेल, पण उशिरा, तर आधी सेटिंग पाहावे. यांत्रिक थर्मोस्टॅटच्या बटणावरचे १ ते ७ हे आकडे अंश नसतात. बहुतेक ठिकाणी मोठा आकडा म्हणजे जास्त गार, आणि ‘कमी करा’ म्हटल्यावर काही जण नेमके उलटे फिरवतात. विदर्भात मे महिन्यात स्वयंपाकघर तापलेले असताना बटण शेवटापर्यंत नेले जाते आणि डिसेंबरातही ते तिथेच असते. वर उघडी भांडी बसणाऱ्या सॅलड काउंटरची अडचण वेगळी. वरच्या खोलगट भांड्यांतले टोमॅटो-काकडी गार राहावीत म्हणून थर्मोस्टॅट कडक केला जातो, त्याची किंमत खालच्या कपाटातला माल मोजतो. रात्री झाकण लागल्यावर बाहेरून येणारी उष्णता घटते आणि खालचा माल आणखी गारठतो. यावर उपाय वापराचा आहे : भांडी अर्धीच भरावीत, गर्दी ओसरली की झाकण लावून थर्मोस्टॅट पुन्हा सैल करावा, दुरुस्तीवर खर्च करू नये.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असलेल्या फ्रिजमध्ये संशयाची सुई सेन्सरकडे वळते. हा बहुधा एनटीसी जातीचा असतो : २५° से.ला १० किलो-ओहम रोध, शून्याला सुमारे २७ ते ३३. गारवा वाढला की रोध वाढतो. सेन्सरच्या टोकात ओल शिरली की रोध घटतो, कंट्रोलरला कपाट आहे त्यापेक्षा उबदार भासते आणि तो कॉम्प्रेसर चालू ठेवतो. याची खात्री करायला महागडे साधन लागत नाही. स्टीलच्या पेल्यात बारीक कुटलेला बर्फ गच्च भरावा, त्यात पोकळ्या बुजतील एवढेच पाणी घालावे, सेन्सरचे टोक मधोमध खुपसावे, पेल्याच्या तळाला किंवा काठाला टेकू देऊ नये. पाच-दहा मिनिटे हलवत राहावे. पट्टीवर शून्य, फार तर एखादा अंश इकडे-तिकडे दिसायला हवा. तिथे ४ दिसले, तर ३ वर सेट केलेला फ्रिज प्रत्यक्षात उणे एकाला चालला आहे. कंट्रोलरमध्ये वाचन दुरुस्त करण्याची सोय असते, पण ओल लागलेल्या सेन्सरचे वाचन सरकतच राहते. सेन्सर बदलणेच बरे, आणि बदलताना त्याच जातीचा घ्यावा. चांगला सेन्सरही क्लिपमधून निसटून दारापाशी लोंबकळत असेल तर हाच दोष दिसतो.

सेन्सरची तार पूर्ण तुटली तर ‘पी १’ किंवा ‘ई १’ असा इशारा येतो आणि बरेच कंट्रोलर कॉम्प्रेसर ठरावीक मिनिटे चालू, ठरावीक मिनिटे बंद ठेवतात. माल कमी आणि हवा थंड असेल तर तेवढ्यानेही आत गोठते. अनेक कंट्रोलरमध्ये वरच्या बाणाची कळ काही सेकंद दाबून ठेवली की सलग गार करण्याची सोय सुरू होते. फडक्याने पुसताना ती नकळत लागू शकते. कळपट कुलूपबंद ठेवण्याची सोय असते, ती वापरावी.

कॉम्प्रेसर थांबतच नसेल तर थर्मोस्टॅट बंदवर न्यावा, किंवा कंट्रोलरचे सेटिंग खोलीच्या तापमानाइतके वाढवावे. तरीही कॉम्प्रेसर चालू राहिला, पट्टीवरचे कॉम्प्रेसरचे चिन्ह विझलेले असूनही चालू राहिला, तर रिलेचे किंवा कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटले आहेत. कॉम्प्रेसर सुरू होताना ओढला जाणारा प्रवाह मोठा असतो, त्यातून हे घडते. दुसरी शक्यता माणसाने केलेली असते : सुटा भाग मिळेपर्यंत ‘थर्मोस्टॅट डायरेक्ट केला’, म्हणजे तो वगळून तारा थेट जोडल्या, आणि तसाच राहून गेला. तिसरी, चिलरला फ्रीजरचा थर्मोस्टॅट बसवलेला असणे. दोन्ही दिसायला सारखेच असतात, म्हणून भागावरचा क्रमांक वाचावा. यांत्रिक थर्मोस्टॅटच्या बारीक नळीतला वायू गळाला तर मात्र उलट घडते, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. त्यामुळे अतिथंडपणात नळी फुटल्याचा संशय सोडून द्यावा आणि तिचे टोक जागेवर घट्ट बसले आहे का, एवढे पाहावे.

सेटिंग, मांडणी, गॅस्केट आणि बर्फाची चाचणी ही कामे मालक किंवा आचारी करू शकतात. रिले आणि तारांना हात लावण्यापूर्वी प्लग काढावा आणि ते काम जाणकाराकडे द्यावे. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन हे ज्वालाग्राही प्रशीतक असते, तिथे ठिणगी धोक्याची. संपर्क चिकटलेला फ्रिज प्लग काढ-घाल करून चालवू नये. माल दुसरीकडे हलवावा. दुरुस्तीनंतर पुन्हा पाण्याचा पेला ठेवून कॉम्प्रेसर स्वतःहून थांबतो आणि पुन्हा सुरू होतो अशा काही फेऱ्या पाहाव्यात आणि मगच दूध, अंडी व पालेभाज्या परत आत ठेवाव्यात.