मातीतील अतिसूक्ष्म कण कसे मोजतात?

हिंगोली जिल्ह्यात वसमतकडचा हळदीचा मळा असो की कयाधूकाठचे सोयाबीनचे रान, पावसाचे पाणी किती वेळ साचून राहणार, हे बऱ्याच अंशी मातीतील सर्वांत बारीक कणांवर ठरते. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या भारी काळ्या जमिनीत या चिकणकणांचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक असते. ओलाव्याने ही जमीन फुगते, वाळली की तिला भेगा पडतात.

चिकणकण म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान कण. ०.०७५ मिलिमीटरच्या बारीक चाळणीतूनही ते निसटतात. म्हणून ते पाण्यात किती वेगाने खाली बसतात, यावरून त्यांचा आकार काढतात. याचा आधार म्हणजे जॉर्ज स्टोक्स यांचा १८५१ मधील नियम: कणाचा व्यास निम्मा झाला, तर वेग चौथाई होतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ०.०२ मिलिमीटरचा कण १० सेंटिमीटर खाली जायला पाचेक मिनिटे घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या कणाला जवळपास आठ तास लागतात. पाणी ३० अंशांचे असेल, तर हाच वेळ सहा तासांवर येतो. त्यामुळे तापमानाची नोंद अत्यावश्यक असते.

कृती

आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय पदार्थ काढतात. चुनखडीयुक्त मातीत चुनाही काढावा लागतो, कारण कॅल्शियममुळे चिकणकणांचे पुंजके होतात. मग सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून माती घुसळतात, म्हणजे कण सुटे होतात. हे नीट झाले नाही, तर पुंजके मोठ्या कणांसारखे झटकन बसतात आणि भारी जमीन अहवालात हलकी दिसते.

पिपेट पद्धतीत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीवरून थोडे गढूळ पाणी काढून, सुकवून वजन करतात. हायड्रोमीटर पद्धतीत त्या पाण्याची घनता मोजतात. ही पद्धत बुयुकोस यांनी १९२७ मध्ये मांडली. ती सोपी, तर पिपेट अधिक अचूक. काळ्या मातीतील कण चपटे असतात. म्हणून मिळणारा व्यास हा तितक्याच वेगाने बसणाऱ्या गोल कणाचा मानायचा.

शेतकऱ्यासाठी

मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत पोत येत नाही. ही तपासणी वेगळी मागावी लागते. अंदाजासाठी ओली माती बोटांत दाबून पट्टी काढावी. ती न तुटता पाच सेंटिमीटरहून लांब गेली, तर जमीन भारी समजावी. अशा जमिनीत हळद गादीवाफ्यावर आणि सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घेतल्यास जादा पाणी निघून जाते आणि कंदकुजीचा धोका घटतो.