बोथ्याचं फाटक

डिसेंबर २०२३. आमचा सतरा जणांचा ग्रुप. शेगावला दर्शन आणि कचोरी, लोणारचं सरोवर, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, आणि शेवटचा मुक्काम ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला. टेम्पो ट्रॅव्हलर लॉजच्या आवारात शिरला तेव्हा दिवेलागण झाली होती. कपाळाला कुंकू लावून झालं, लिंबू सरबत आलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न, "वाघ दिसेल का?" दुसरा, "वायफाय आहे ना?"

मॅनेजर प्रामाणिक निघाला. म्हणाला, वाघाची हमी नाही, अस्वल किंवा बिबट्या दिसला तर नशीब समजा.

जेवणाच्या खोलीत 'जुन्या काळचा फील' म्हणून एक मोठा फोटो लावलेला. मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला गोरा साहेब. आमच्यातल्या चौघांनी त्यासमोर सेल्फी काढले. साहेबाच्या मागे दहा-बारा माणसं उभी होती, अनवाणी, हातात काठ्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही दुसऱ्या दिवशीच गेलं. ते कसं, ते पुढे सांगतो.

मंडळी, आधी वऱ्हाडातल्या जंगलाची थोडी हकिकत. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आलं. त्यानंतर जंगलाची मोजणी झाली, खांब रोवले गेले, आणि जंगलाचे वर्ग पाडले गेले. 'अ' वर्ग म्हणजे लाकूड आणि सरपणाचं, 'ब' म्हणजे गवताचे रमणे, 'क' म्हणजे गुरचराईचं. १८८६ साली वऱ्हाडासाठी वेगळा जंगल कायदाच आला. कालपर्यंत ज्या गवतावर गावाची गुरं पोसली जायची, ते आता सरकारचं झालं. पास काढा, फी भरा, नाहीतर गुरं कोंडवाड्यात आणि माणूस दंडात.

याच व्यवस्थेत जंगलातले विश्रामबंगले उभे राहिले. साहेब दौऱ्यावर आला की तिथे उतरायचा. सामान वाहायला, पाणी भरायला, सरपण आणायला, हाका घालायला आसपासच्या गावातली माणसं. याला बिगार म्हणायचे. मेळघाटात तर खात्याने मजूर हाताशी असावेत म्हणून कोरकूंची वनग्रामं वसवली. राहायला जागा द्यायची आणि त्या बदल्यात कामाला बोलावलं की यायचं.

वाघांचं काय झालं? इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशोबाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांवर वाघ मारले गेले. वाघ हे तेव्हा उपद्रवी जनावर होतं, मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळायचं. शिकार हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा शौक, आणि वर सरकारचा आशीर्वाद.

आता १९३० वर या. गांधीजींनी मीठ उचललं. वऱ्हाडात समुद्र कुठला? मग अकोल्याजवळ दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढलं गेलं. पण खारपाणपट्टा सोडला तर बाकी वऱ्हाडाचं दुखणं मिठाचं नव्हतंच, गवताचं होतं. त्या जुलैत लोकनायक बापूजी अणे पुसदला राखीव जंगलात शिरले, गवत कापलं आणि अटक करवून घेतली. जंगल सत्याग्रह म्हणतात तो हाच. शाळेच्या पुस्तकात याला दोन ओळी मिळतात. एका पेंढीसाठी तुरुंग! आपल्याकडे दांडीयात्रेचे देखावे होतात, पुसदच्या गवताचा देखावा मी तरी पाहिलेला नाही.

स्वातंत्र्य आलं म्हणून बंदूक लगेच खाली गेली नाही, हेही लक्षात घ्या. जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' असायचे. फी भरायची, ठराविक दिवसांसाठी ब्लॉक तुमच्या नावावर, उतरायला विश्रामबंगला. शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना डॉलर घेऊन वाघ मारायला आणायच्या. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता.

गंमत बघा. ब्लॉकच्या जागी झोन आला, शिकारीच्या परवान्याच्या जागी ऑनलाइन बुकिंग, बंदुकीच्या जागी कॅमेरा. 'सफारी' हा शब्दही तसाच फिरून आला. अरबीतला 'सफर' आपल्याकडे फारसीतून कधीच आला होता. तोच आफ्रिकेत स्वाहिलीत गेला, तिथून इंग्रजीत, आणि सोला टोपी घालून परत आपल्या दारात.

वाघ वाचला पाहिजे याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. बंदी आली नसती तर आज नातवंडांना चित्रातच वाघ दाखवावा लागला असता. पण किंमत कुणी मोजली? बुलढाणा जिल्ह्यात १९९७ साली दोन अभयारण्यं जाहीर झाली, सातपुड्यात अंबाबरवा आणि अजिंठ्याच्या रांगेत सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा. ज्या गावाचं नाव अंबाबरवा अभयारण्याला आहे, ते गावच पुढे जंगलातून उठवलं गेलं. २००८ पासून कुटुंबामागे १० लाखांचं पॅकेज होतं. ज्याला ते पुरेसं वाटतं त्याने आज दहा लाखांत दोन एकर ओलिताची जमीन शोधून दाखवावी.

आणि ज्ञानगंगेत तेव्हा वाघ नव्हताच. तो आला २०१९ मध्ये. टिपेश्वरचा तरुण नर, गळ्यात रेडिओ कॉलर, नाव टीवन-सीवन. जूनमध्ये निघाला. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत, शेतं, रस्ते, नाले ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात इथे पोचला. इथे वाघीण नव्हती. वाटेत त्याने कुणाचा पास काढला नाही. आणि ज्यांच्या कपाशीतून, तुरीतून तो गेला, त्या शेतकऱ्यांनी त्याला जाऊ दिलं, हे विसरू नका.

सकाळी सहाला आम्ही बोथ्याच्या फाटकावर. थंडी मरणाची. वहीत नावं, आधारकार्ड, सह्या. गाईड जवळच्याच गावचा पोरगा, तिशीच्या आतला. अस्वलाचे पंजे दाखवले, वारुळ कसं उकरलंय ते दाखवलं. चहाला थांबलो तेव्हा मी त्याला लॉजमधल्या फोटोबद्दल सांगितलं. तो हसला.

"माहा आजा जाये नं हाक्याले. डबे वाजवत."

"काय मिळायचं?"

"चार आणे. अन् सांबर पडलं तं मटनाचा वाटा. वाघ पडला तं काईच नाई, वाघ साहेबाचा."

"आणि तुला?"

त्याने फेरीचे पैसे सांगितले. मग म्हणाला, पावसाळ्यात सफारी बंद, तेव्हा पुण्याला कंपनीत जातो. पूर्वी आई याच जंगलात मोहफुलं, डिंक वेचायची, आता आत जात नाही. "मी जातो नं, तुमच्यासंगं," एवढं बोलून त्याने कप ठेवला आणि गाडीत चढला.

परत लॉजवर आल्यावर मी तो फोटो नीट बघितला. डावीकडून तिसऱ्या माणसाच्या हातात काठी नव्हती, रॉकेलचा डबा होता.