हवेवर उभी गाडी

ऑक्टोबर 2012. आठ-नऊ महिने बाकी.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मालगाड्या चालवणाऱ्या एका कंपनीचं 5017 क्रमांकाचं डिझेल इंजिन बिघडून कारखान्यात आलं. रीतसर दुरुस्ती करायची तर वेळही जाणार, पैसाही जाणार, आणि इंजिन तर लवकर रुळावर हवं. मग एपॉक्सीसारखा पदार्थ वापरून काम भागवलं गेलं. आपल्याकडे फुटकी टाकी एम-सीलनं लिंपतात, तसंच. टाकीला ते चालतं. या इंजिनाला लागणारी ताकद आणि टिकाऊपणा त्या पदार्थात नव्हता.

5 जुलै 2013, शुक्रवार, रात्री 10:50. दोन तास पंचवीस मिनिटं बाकी.

फार्नमहून निघालेली गाडी नाँत या छोट्या गावाबाहेर मुख्य मार्गावरच थांबली. पाच इंजिनं, कंट्रोलची एक गाडी, एक मालडबा आणि मागे कच्च्या तेलाच्या 72 टाक्या. एकूण 77 लाख लिटर तेल, वजन दहा हजार टनांच्या वर. सगळ्यांत पुढे तेच 5017. गाडीवर माणूस एकच, तो म्हणजे चालक.

रूळ तिथून लाक-मेगांतिक शहराकडे उतरत जातात. उतार सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे साधारण 80 फुटांत एक फूट. आपला बोरघाट 37 फुटांत एक फूट उतरतो. घाटात उतार डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस जपून असतो. नाँतला तो चालताना पायालाही जाणवला नसता. पण दहा हजार टनांना तो कळतो.

रात्री अकराच्या सुमारास. सव्वादोन तास बाकी.

या पंधरा-वीस मिनिटांपाशी मी पुन्हापुन्हा येऊन थांबतो.

प्रत्येक डब्याला हँडब्रेकचं लोखंडी चाक असतं. ते हातानं फिरवत न्यायचं, साखळी ताणली जाते आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबून बसतात. हवेचा ब्रेक त्याहून सोपा, पण तो हवेवर चालतो. इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर हवा भरत राहतो. इंजिन बंद पडलं की हवा हळूहळू सुटते आणि इंजिनांचा ब्रेक सैल पडतो. आताच्या मालट्रकांत याच्या उलट सोय असते. हवा गेली की स्प्रिंगच्या जोरानं पार्किंग ब्रेक आवळला जातो. म्हणून सकाळी हवा भरल्याशिवाय ट्रक जागचा हलत नाही. रेल्वे इंजिनाला ती सोय नव्हती, आणि म्हणूनच नियम होता: गाडी सोडून जायची तर ती नुसत्या हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे, आणि तसं तपासून पाहिलं पाहिजे. हवेचे ब्रेक सोडायचे, इंजिनानं गाडीला रेटा द्यायचा आणि हलते का ते बघायचं.

चालकानं पाच इंजिनं, कंट्रोलची गाडी आणि मालडबा मिळून सात हँडब्रेक आवळले. कंपनीच्याच नियमानं एवढ्या डब्यांना किमान नऊ लागत होते. पुढे चौकशीत हिशोब निघाला की खरी गरज किमान 17 ब्रेकची होती, कदाचित 26 ची. तेलाच्या 72 टाक्यांपैकी एकीचंही चाक फिरवलं गेलं नाही.

मग त्यानं तपासणी केली. केली, हे महत्त्वाचं. त्यानं ती टाळली नाही. पण तपासताना इंजिनांचे हवेचे ब्रेक लागलेलेच होते. गाडी हलली नाही. ती हँडब्रेकनं धरली की हवेनं, हे त्या तपासणीतून कळणंच शक्य नव्हतं. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा आणि ‘धरतोय की’ म्हणायचं, तसं हे झालं. न तपासलेल्या गाडीबद्दल मनात धाकधूक तरी राहते. अशी तपासलेली गाडी सोडून माणूस निर्धास्त निघून जातो.

त्यानं फार्नमच्या नियंत्रकाला गाडी नीट उभी केल्याचं कळवलं. पलीकडे अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बँगोरच्या नियंत्रकाला सांगितलं की पुढचं इंजिन वाटभर त्रास देत होतं आणि आताही काळा-पांढरा धूर ओकतंय. दोघांचं ठरलं, धूर बसेल, सकाळी बघू. बाकीची चार इंजिनं बंद होती. सगळी हवा भरण्याचं काम आता एकट्या 5017 कडे होतं, लिंपलेल्या इंजिनाकडे.

त्याला हॉटेलवर न्यायला टॅक्सी आली. टॅक्सीवाल्याला धूर दिसला, समोरच्या काचेवर तेलाचे थेंब पडताना दिसले. त्यानं विचारलं, गाडी अशी सोडून जाणं बरोबर आहे का? कंपनीला कळवलंय, असं उत्तर मिळालं. ज्याचा रेल्वेशी काही संबंध नव्हता, त्यानं काचेवरचे थेंब बघून नेमका प्रश्न विचारला होता.

रात्री 11:40. दीड तास बाकी.

गाडीला आग लागल्याचा फोन गेला. इंजिनाच्या टर्बोचार्जरमध्ये तेल साठून पेटलं होतं. नाँतचे अग्निशामक आले, इंधन तोडायची आपत्कालीन कळ दाबून त्यांनी 5017 बंद केलं, आग विझवली आणि पुन्हा ठिणगी नको म्हणून केबिनमधले विजेचे ब्रेकर खाली केले. रेल्वेच्या सूचनांप्रमाणे त्यांचं काम चोख होतं. कंपनीचा एक माणूसही आला, पण तो रुळांच्या कामाचा, इंजिनातलं त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. नियंत्रकाशी बोलणं झालं आणि सगळे परतले. शेजारचं दुसरं एखादं इंजिन सुरू करायला कुणी सांगितलं नाही.

वीज गेली की आपोआप ब्रेक लागावा, अशी जोडणी करता येते. या इंजिनात ती तशी नव्हती.

मध्यरात्रीनंतर. तास-सव्वा तास बाकी.

अंधारात हवा सुटत होती. नळीतली हवा एकदम गेली असती तर टाक्यांचे ब्रेक आपसूक लागले असते. ती इतकी सावकाश गेली की तेही झालं नाही.

उताराच्या पायथ्याशी लाक-मेगांतिकमध्ये उन्हाळ्यातली शुक्रवारची रात्र होती. रुळांजवळचं म्युझी-कॅफे माणसांनी भरलेलं होतं.

रात्री 1 वाजायच्या किंचित आधी. पंधरा मिनिटं बाकी.

गाडी हलली. दिवे नाहीत, इंजिनाचा आवाज नाही, आत माणूस नाही. पुढचे साडेअकरा किलोमीटर ती वेग घेत गेली.

रात्री 1:15.

ताशी सुमारे 105 किलोमीटर वेगानं ती भर गावात रुळांवरून उतरली. 63 टाक्या एकमेकींवर चढल्या, सुमारे 60 लाख लिटर तेल सांडलं आणि पेटलं. 47 माणसं गेली. 40 इमारती जळाल्या. दोन हजार लोकांना घरं सोडावी लागली.

ऑगस्ट 2014 मध्ये कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं अहवाल दिला. त्यात एक कारण नाही, 18 आहेत. खटलाही चालला, आणि जानेवारी 2018 मध्ये ज्यूरीनं चालकासह कंपनीच्या तीन माणसांना निर्दोष ठरवलं. मला तो निकाल पटतो. सात ब्रेकची चूक त्या चालकाची होती, पण लिंपलेलं इंजिन पुढे जोडून, एकट्या माणसाच्या हाती दहा हजार टन देऊन, उतारावर मुख्य मार्गावरच गाडी ठेवायची पद्धत त्याची नव्हती.

आग भडकली तेव्हा चालक त्याच गावातल्या हॉटेलात होता. तो बाहेर पडला आणि मागच्या टाक्या आगीपासून ओढून दूर नेण्याच्या कामात त्यानं हात दिला. 72 पैकी त्या नऊ टाक्या रुळांवरून उतरल्या नव्हत्या. गाडी थांबली तेव्हा त्यांच्या हँडब्रेकची चाकं नाँतला होती तशीच सैल होती.