चिनी रेल्वेगाडीचा उदय आणि पानवलचा पूल

हातखंबा तिठ्यावर तीन वाटा फुटतात. एक मुंबईकडे जाते, दुसरी गोव्याकडे आणि तिसरी रत्नागिरी शहराकडे. या तिठ्यापासून जवळच, पानवल नदीच्या खोल दरीवर कोकण रेल्वेचा ६४ मीटर उंचीचा पूल उभा आहे. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव ‘वंदे भारत’ गाडी या पुलावरून धावू लागली. चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यात घडलेली ही गाडी. मुंबईच्या पहिल्या मेट्रोचे डबे मात्र चीनमधील नानजिंगहून आले आणि नागपूर मेट्रोचे दालियानहून. हे दोन्ही कारखाने आज एकाच चिनी सरकारी कंपनीच्या छत्राखाली आहेत. तिचे नाव सीआरआरसी. रेल्वेगाड्या बनविणारी ही जगातील सर्वांत मोठी कंपनी होय.

चिनी माल स्वस्त असतो, म्हणून ही कंपनी वाढली, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा नाही, परंतु अपुरा आहे. तिच्या उदयाची कारणे तपासली, तर आपल्यालाही काही प्रश्न स्वतःला विचारावे लागतात.

जुने कारखाने, नवी रचना

सीआरआरसीचे अनेक कारखाने शंभर वर्षांहून जुने आहेत. दालियानचा कारखाना १८९९ मध्ये रशियनांनी उभारला, तर चिंगदाओच्या सिफांग कारखान्याची सुरुवात १९०० मध्ये जर्मनांच्या अमलात झाली. नानजिंगचा पुझेन कारखाना १९०८ चा. साम्यवादी राजवटीत हे सारे सरकारी झाले आणि दीर्घकाळ रेल्वे मंत्रालयाच्या पंखाखाली राहिले. २००० मध्ये त्यांचे दोन स्वतंत्र उद्योगसमूह करण्यात आले. दक्षिणेकडचा सीएसआर व उत्तरेकडचा सीएनआर. घरातल्या घरात स्पर्धा लागावी, हा त्यामागील हेतू होता.

खरी कलाटणी मिळाली ती २००४ मध्ये. त्या वर्षी चिनी रेल्वे मंत्रालयाने ताशी २०० किलोमीटर वेगाच्या गाड्यांसाठी निविदा मागविल्या. अट अशी की, परदेशी कंपनीने चिनी कारखान्याशी भागीदारी करावी आणि तंत्रज्ञान त्याच्या हवाली करावे. जपानची कावासाकी, फ्रान्सची अल्स्टॉम व कॅनडाची बॉम्बार्डियर यांनी ती मान्य केली. जर्मनीच्या सीमेन्सचे त्या फेरीत जुळले नाही. पुढच्याच वर्षी मात्र तीही करारात सामील झाली. देशातील सर्व कारखान्यांच्या वतीने सौदा करणारा ग्राहक एकच होता आणि त्याच्या हाती अवाढव्य मागणी होती. त्याला नकार देणे कोणालाच परवडणारे नव्हते.

कावासाकीच्या करारातील साठ गाड्यांची विभागणी या दृष्टीने बोलकी आहे. तीन गाड्या जपानमधून तयार आल्या, सहा सुट्या भागांच्या रूपात आल्या आणि उरलेल्या ५१ चीनमध्ये बांधण्यात आल्या. आधी पाहायचे, मग जोडायचे आणि शेवटी स्वतः घडवायचे, असा तो क्रम होता.

मागणीचा अखंड ओघ

तथापि, तंत्रज्ञान विकत घेणे हा कथेचा अर्धाच भाग झाला. ते आपणही घेतले होते. पेरांबूरचा कारखाना १९५५ मध्ये स्विस कंपनीच्या साहाय्याने सुरू झाला. नव्वदच्या दशकात एलएचबी डब्यांचे तंत्रज्ञान जर्मनीतून आणि नव्या विद्युत इंजिनांचे एबीबी कंपनीकडून आले. भारतीय रेल्वे हादेखील एकच मोठा ग्राहक होता. फरक पडला तो पुढच्या पावलात. स्विस धाटणीचा डबा आपण २०१८ पर्यंत बनवीत राहिलो. चीनने मात्र घेतलेले तंत्रज्ञान हाती येताच त्याच्या पुढची मागणी नोंदविली.

बीजिंग-त्येनजिन मार्गावर ऑगस्ट २००८ मध्ये ताशी ३५० किलोमीटर वेगाची सेवा सुरू झाली. जून २०११ मध्ये बीजिंग-शांघाय मार्ग खुला झाला. २०१७ मध्ये ‘फूशिंग’ ही स्वतःच्या मानकांनुसार आखलेली गाडी आली. २०२४ च्या अखेरीस चीनमधील अतिवेगवान मार्गांची लांबी सुमारे ४८ हजार किलोमीटर झाली होती. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटरचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा आवाका ध्यानी येतो. वर्षामागून वर्षे काम मिळत राहिल्याने कारागीर, अभियंते आणि सुटे भाग पुरविणारे लहान उद्योजक टिकून राहिले. प्रत्येक नव्या गाडीत आधीच्या गाडीचा अनुभव उतरला.

परदेशात मात्र सीएसआर व सीएनआर एकमेकांच्याच किमती पाडू लागले होते. म्हणून २०१५ मध्ये दोहोंचे पुन्हा विलीनीकरण होऊन सीआरआरसी अस्तित्वात आली. या कंपनीचा धसका इतका होता की, सीमेन्स व अल्स्टॉम यांनी आपले रेल्वे व्यवसाय एकत्र करण्यासाठी तिच्याकडेच बोट दाखविले. युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ते विलीनीकरण नाकारले.

दुसरी बाजू

या वाटचालीची किंमतही मोठी होती. जुलै २०११ मध्ये वेनझोऊजवळ दोन अतिवेगवान गाड्यांची टक्कर होऊन ४० जण मृत्युमुखी पडले. चौकशीत सिग्नल यंत्रणेतील दोष व ढिसाळ व्यवस्थापन उघड झाले. या साऱ्या विस्ताराचे सूत्रधार असलेले रेल्वेमंत्री लिऊ झिजुन यांना त्याआधीच पदावरून दूर करण्यात आले होते. २०१३ मध्ये लाचखोरीबद्दल त्यांना स्थगित मृत्युदंड सुनावण्यात आला.

परदेशातही सारे सुरळीत झाले नाही. अमेरिकेतील बोस्टन शहराने २०१४ मध्ये २८४ डब्यांची मागणी सर्वांत कमी किमतीच्या चिनी निविदेस दिली. पुरवठा वर्षानुवर्षे रखडला आणि २०२४ मध्ये वाढीव रक्कम मोजून करार नव्याने करावा लागला. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने सरकारी अनुदानाची चौकशी सुरू करताच कंपनीने बल्गेरियातील निविदा मागे घेतली.

महाराष्ट्राचा हिशेब

मुंबईत वर्सोवा-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिच्या सोळा गाड्यांचे ६४ डबे नानजिंगचे. नागपूर मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावू लागली. तिचे ६९ डबे दालियानचे. पुण्याच्या १०२ डब्यांचे काम मात्र टिटागढ या भारतीय समूहाकडे गेले. जुलै २०२० मध्ये, सीमेवरील तणावाच्या काळात, केंद्र सरकारने भूसीमा लागून असलेल्या देशांतील कंपन्यांना सरकारी निविदांसाठी पूर्वनोंदणी सक्तीची केली. पुढच्याच महिन्यात ४४ ‘वंदे भारत’ गाड्यांची निविदा रद्द झाली. त्या स्पर्धेत सीआरआरसीची भारतीय भागीदारी उतरलेली होती.

चिनी गाडीला दार बंद करणे तुलनेने सोपे असते. आपली गाडी घडविण्यास मात्र एका आदेशाहून अधिक काही लागते. मुंबईच्या पुढील मेट्रो मार्गांसाठी बेंगळुरूच्या बीईएमएलकडून आणि आंध्रातील श्रीसिटी येथील अल्स्टॉमच्या कारखान्यातून गाड्या आल्या. त्या भारतात बनल्या, ही समाधानाची बाब होय. परंतु देशात सर्वाधिक मेट्रो मार्ग उभारणाऱ्या राज्यांपैकी एक असलेल्या महाराष्ट्राने या मागणीच्या बळावर स्वतःच्या भूमीत काय उभे केले, हा प्रश्न उरतोच. लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा तयार झाला. त्याला अखंड काम मिळते की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

पानवलचा धडा

हे आपल्याला जमणारच नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ते केंद्र व चार राज्यांच्या भांडवलावर. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली त्याने सह्याद्रीच्या कुशीतून मार्ग काढला आणि जानेवारी १९९८ मध्ये तो संपूर्ण खुला झाला. पानवलचा पूल बांधताना, काठावर एकेक तुकडा ओतून तो पुढे ढकलीत नेण्याचे तंत्र भारतात प्रथमच वापरले गेले. काम संपल्यावर ही संस्था मोडीत निघाली नाही. तिच्याकडेच काश्मीरमधील चिनाब नदीवरील पुलाची जबाबदारी आली. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीच्या त्या पुलाचे जून २०२५ मध्ये उद्घाटन झाले.

पानवल ते चिनाब हा प्रवास आणि सिफांगचा ‘फूशिंग’पर्यंतचा प्रवास, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. कौशल्य आणता येते, विकतही घेता येते. परंतु ते टिकते आणि वाढते, ते हाताला सतत काम मिळाल्यानेच. पूल बांधताना आपण हे ओळखले. त्यावरून धावणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ते अमलात आणणे अद्याप बाकी आहे.